मदत हवी आहे: गुन्हेगारी मालिकांमधला एचआयव्ही

'लॉ अँड ऑर्डर' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच पर्वात, १९९० साली, 'द रीपर्स हेल्पर' नावाचा भाग आला होता. एड्सने खंगलेल्या माणसाचा खून होतो आणि मारणारा म्हणतो, मी त्याची सुटका केली. मालिकेचा साचा ठरलेला: आधी मृतदेह, मग पोलीस, उत्तरार्धात सरकारी वकील. या साच्यामुळे 'कोणी मारलं' हा प्रश्न अर्ध्यातच संपतो आणि 'याला खून म्हणायचं का' हा खरा प्रश्न कोर्टात उभा राहतो. मला हे फार ताकदीचं वाटतं. पण आजारी माणूस मेलेलाच भेटतो, त्याची बाजू इतरांच्या तोंडून कळते, हे मात्र खुपतं.

तेव्हा एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध होतं, पण आयुष्य लांबवणारी एकत्रित औषधं १९९६च्या सुमारास आली. म्हणजे त्या काळच्या लेखकाला निदान म्हणजे मृत्यूच, असं गृहीत धरता येत होतं. पुढच्या मालिकांनी औषधं आल्यावरही तेच गृहीत धरलं का? शवविच्छेदनाच्या अहवालातून 'पॉझिटिव्ह' कळणं आणि तोच खुनाचा हेतू ठरणं, ही कलाटणी तर सर्रास दिसते.

अभ्यासगटासाठी यावर टिपण लिहितेय. एचआयव्ही असलेली व्यक्ती जिवंत, बोलती, स्वतः निर्णय घेणारी आहे, असे १९९६ आधीचे आणि नंतरचे भाग कोणी सुचवाल का? मालिका कुठल्याही देशाची चालेल. शक्यतो भागाचं नाव आणि साल द्या, आणि तपासात त्या व्यक्तीचं स्थान काय होतं तेही दोन ओळींत लिहा.