क्रोमियममध्ये नवी स्कीम जोडणं म्हणे दोन दिवसांचं काम!

खटपट्या:
काल इथे एकाने लिहिलं, "सोर्स उघडा आहे ना? मग जेमिनी:// स्वतः जोडून घ्या, दोन दिवसांचं काम आहे. रडता कशाला?" तिथेच चार ओळी लिहिणार होतो, पण डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: स्कीम म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा एचटीटीपीएस:// सारखा भाग, क्रोमियम म्हणजे क्रोम ज्यावर बनतो तो उघड्या सोर्सचा ब्राउझर, आणि जेमिनी हा साध्या मजकुराच्या पानांचा छोटा प्रोटोकॉल, गूगलचा एआय नव्हे.

मी हे केलंय, निव्वळ हट्टापायी. क्रोमियम बिल्ड करायला, म्हणजे सोर्सपासून चालणारा ब्राउझर बनवायला, किमान १०० जीबी जागा मोकळी लागते, त्यांच्याच सूचनांत तसं लिहिलंय. माझ्या लॅपटॉपवर रात्री लावलेला बिल्ड दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला संपला. स्कीमचं नाव नोंदवणं, मान्य, दोन-तीन ओळी. पण 'स्टँडर्ड' म्हणून नोंदवलं नाही तर ओरिजिन (पान कुठल्या साईटचं, ही ब्राउझरच्या लेखी ओळख) ओपेक, म्हणजे निनावी. मग लोकल स्टोरेज, म्हणजे पानाने ब्राउझरात माहिती साठवणं, वगैरे विसरा. नोंदवलं की प्रश्न सुरू: ही सुरक्षित धरायची का? एचटीटीपीएसच्या पानात हिच्यावरचं चित्र येऊ द्यायचं का? शिवाय ब्राउझर आणि रेंडरर (पान रंगवणारा भाग), दोन्ही प्रोसेसना नाव सारखंच कळलं पाहिजे. माझ्याकडून एकीकडे राहिलं, तर ना एरर ना काही, नुसतं पांढरं पान. दोन आठवडे त्या पानाकडे बघत बसलो होतो.

आणि हे जमलं की काही आठवड्यांतच नवी आवृत्ती येते. बसवा पॅच, म्हणजे आपले बदल, पुन्हा.

कोकणकडा:
तो 'एक' मीच, नाव घेतलंत तरी चाललं असतं. क्रोमियमच घ्यायला कोणी सांगितलं होतं? लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपच्या कॉन्करर ब्राउझरमध्ये मॅन: लिहून कमांडचं नाव टाकलं की मॅन्युअल उघडायचं, फिश:// ने दुसऱ्या मशीनवरच्या फायली. प्रत्येक स्कीमला वेगळं प्लगिन, ब्राउझर बिल्ड करायची गरजच नाही. फायरफॉक्समध्येही साध्या ॲडऑनने गोफर, हा वेबच्या सुरुवातीच्या काळातला जुना प्रोटोकॉल, परत आणता यायचा. ५७ व्या आवृत्तीत, नोव्हेंबर २०१७ ला, जुने ॲडऑन मारले आणि तो दरवाजा बंद झाला. काम अवघड नाहीये, अवघड करून ठेवलंय. ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये आयपीएफएस:// (फायली एका सर्व्हरऐवजी अनेक मशीनवरून मिळवायची पद्धत) दिलंच की.

बिल्डतुटक्या:
आणि २०२४ मध्ये काढलंही. तेवढं सोयीस्कर विसरलात.

तसंही जोडण्यापेक्षा काढण्याचाच उत्साह जास्त. २०२१ मध्येच एफटीपी, फायली पाठवायचा जुना प्रोटोकॉल, गेलं, फायरफॉक्स ९० मधून आणि क्रोम ९५ मधून. आमच्या लॅबमधलं सगळं साहित्य एफटीपीवर होतं. सरांना आजही फोनवरून एफटीपीचा वेगळा प्रोग्रॅम टाकायला शिकवतोय.

गौरीची आई:
तुमचं जेमिनी-बिमिनी मला कळत नाही, पण स्कीमने आमचं काय केलं ते ऐका. मंडळाच्या साईटवर वर्गणीसाठी यूपीआय:// ची लिंक टाकली. अँड्रॉइडवर झकास, कुठलं ॲप हवं ते विचारतं. आयफोनवाल्यांकडे भलतंच ॲप उघडायला लागलं. लॅपटॉपवर तर काहीच होईना. निम्मी सोसायटी म्हणाली, "तुमची साईट बंद आहे." उरलेल्यांना वर्गणी न द्यायला कारण मिळालं.

शेजारचा नाना:
लॅपटॉपवर यूपीआय ॲप असतं का ताई? तिथे क्यूआर द्यायचा असतो. हे स्कीमचं दुखणं नाही, ज्याने पान केलं त्याचं आहे.

गौरीची आई:
पान माझ्या भावाने केलंय. तोही तुमच्यासारखाच, आधी दुसऱ्याची चूक काढतो.

शेजारचा नाना:
घ्या! मदत करायला गेलो तर हे.

खटपट्या:
भांडू नका, गौरीच्या आईंनी नेमकं बोट ठेवलंय. एकाच स्कीमवर दोन ॲप्सनी हक्क सांगितला तर कोणतं उघडेल याची हमी नाही, असं ॲपल स्वतःच लिहितं. आयएएनए, म्हणजे इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था, तिच्याकडे स्कीमच्या नावांची नोंदवही आहे, पण नोंद नसलेलं नाव वापरू नका म्हणून कोणी दार अडवत नाही. पैशांच्या लिंकला हे परवडतं का?

बिल्डतुटक्या:
म्हणून तर वेबसाईटला एखाद्या स्कीमच्या लिंका स्वतःकडे घ्यायच्या तर स्कीम ठरलेल्या यादीतली हवी, नाहीतर पुढे 'वेब+' लावायचं. मेलटो (ईमेलच्या लिंकची स्कीम) चालतं, वेब+वर्गणी चालेल, नुसतं वर्गणी:// नाही.

कोकणकडा:
आणि त्याने काय होतं? लिंक दाबली की शेवटी त्याच साईटचं एचटीटीपीएसचं पान उघडतं. त्याला मी नवा प्रोटोकॉल म्हणत नाही, पाटी बदललेलं जुनंच दुकान ते.

खटपट्या, एक जुनं दुखणं तरी मिटलंय. क्रोम १३० पासून असल्या अनोळखी स्कीमच्या पत्त्यातलं होस्टनेम (सर्व्हरचं नाव) नीट वेगळं काढतात. तुमचा अनुभव त्याआधीचा दिसतो.

खटपट्या:
आधीचाच. होस्टचं रडं मी वर लिहिलंही नव्हतं, तरी उपकार झाले. ओरिजिन अजून ओपेकच आहे, तेवढं लक्षात असू द्या.

कोकणकडा:
बरं, दोन दिवस नाही, दोन आठवडे. झालं समाधान? पॅच कुठे टाकलाय ते सांगा, १०० जीबी मोकळी करतो.

गौरीची आई:
नाना, तुमचं ऐकून भावाने क्यूआर लावला. आत्ताच आमच्या काकांचा फोन आला. लॅपटॉपवरचा क्यूआर त्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने कसा टिपायचा, विचारत होते. नंबर देऊ का तुमचा?