एका डोळ्याच्या पडद्याला इजा: डीटीआयमध्ये दोन्ही बाजू सारख्याच का?

नेरुळ_ऑप्टो: वागळे इस्टेट, महापे-रबाळे पट्ट्यातल्या, एकाच डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) मार लागलेल्या कामगारांचा अभ्यास आखतेय. डीटीआय (पाण्याच्या हालचालीवरून चेतातंतू दाखवणारा एमआरआय) ३ टेस्लावर, डिफ्यूजनची तीव्रता बी १०००, ३२ दिशा, २ मिमी व्होक्सेल (प्रतिमेचा सर्वात छोटा घन). सुरुवातीच्या स्कॅनमध्ये डाव्या-उजव्या ऑप्टिक रेडिएशनच्या (मेंदूच्या मागच्या दृष्टिकेंद्राकडे जाणारे तंतू) एफएमध्ये (पाणी किती एकाच दिशेने सरकतं तो आकडा) फरकच दिसत नाही. नुकसान मागे पोचलंच नाही असं समजायचं का?

ठाणे_न्यूरोरेडिओ: नाही, तसा निष्कर्ष काढू नका. कायझममध्ये (दोन्ही डोळ्यांच्या नर्व्ह जिथे मिळतात तिथे) साधारण ५३ टक्के तंतू पलीकडे जातात, म्हणजे एका डोळ्याची इजा त्यामागच्या दोन्ही ट्रॅक्टमध्ये जवळपास सारखी वाटली जाते. डावी-उजवी तुलना कायझमच्या पुढच्या ऑप्टिक नर्व्हपुरतीच ठेवा. कायझमच्या मागच्या भागांसाठी तुलनेला त्याच वयाचे निरोगी लोक हवेत, त्याच मशीनवर, त्याच सीक्वेन्सने. शिवाय रेटिनातल्या गँग्लिऑन पेशींचे ॲक्सॉन (लांब तंतू) एलजीएनमध्येच (मेंदूतलं मधलं थांबा-केंद्र) संपतात, रेडिएशन तिथून पुढे सुरू होतं. रेडिएशनमधली झीज सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला जोड) ओलांडून येते, तिला महिने लागतात.

नर्व्हसाठी मात्र २ मिमी जाड पडतं. नर्व्ह जेमतेम ३-४ मिमी, भोवती सीएसएफ (मेंदूभोवतीचं द्रव) आणि चरबी. कडेच्या व्होक्सेलमध्ये सगळं मिसळतं आणि एफए खोटा उतरतो. नर्व्हला काटकोनात कोरोनल स्लाइस घ्या, प्रतलात सव्वा मिमीच्या आसपास, फॅट सप्रेशनसह. स्फेनॉइड सायनसमधल्या हवेमुळे ईपीआय (डीटीआयची झटपट स्कॅन पद्धत) प्रतिमा ताणली जाते, म्हणून उलट फेज एन्कोडिंगचा एक बी-० (डिफ्यूजनशिवायची प्रतिमा) घ्याच. मग एफएसएल सॉफ्टवेअरमध्ये टॉपअप (ताण सुधारायला), त्यानंतर एडी (हालचाल आणि एडी करंटचा दोष काढायला). स्कॅन छोट्या तुकड्यांत करा आणि चांगल्या डोळ्याने एका खुणेकडे बघायला सांगा, नाहीतर नर्व्ह हलते.

नेरुळ_ऑप्टो: एफए सोडून कोणता आकडा बघू?

ठाणे_न्यूरोरेडिओ: ॲक्सियल (तंतूच्या लांबीने) आणि रेडियल (तंतूला आडवी) डिफ्यूजिव्हिटी, म्हणजे पाणी सरकण्याचं प्रमाण, वेगवेगळ्या मांडा. रेटिनाचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेल्या उंदरांमध्ये नर्व्हची ॲक्सियल ३ दिवसांत उतरली, रेडियल ५ दिवसांच्या सुमारास वाढली: आधी ॲक्सॉन तुटतो, मग मायलिन (त्याचं आवरण). क्रम उपयोगाचा आहे. दिवस मात्र माणसांना लावू नका.

पडदा_ओसीटी: स्कॅनच्याच आठवड्यात ओसीटी (प्रकाशाने पडद्याचे थर मोजणारी तपासणी) हवीच. सुरुवातीला सूज असली की आरएनएफएल (पडद्यावरचा चेतातंतूंचा थर) जाड येतो आणि झीज झाकली जाते. गँग्लिऑन पेशींचा थर जास्त भरवशाचा. मार फक्त फोटोरिसेप्टरपर्यंत (प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत) असेल तर नर्व्ह बराच काळ ठीक दिसू शकते. असे रुग्ण वेगळ्या गटात ठेवा, नाहीतर सरासरी निरर्थक होईल.

आणि सगळ्यात आधी: छिन्नी-हातोडा किंवा ग्राइंडरवर लागलेला मार असेल तर डोळ्यात लोखंडाचा कण नाही याची खात्री झाल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत नेऊ नका. साध्या एक्स-रेत बारीक कण सुटू शकतो. १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसचा ऑर्बिट (डोळ्याच्या खोबणीचा) सीटी करा. ‘डोळ्यात काही गेलं नाही’ हे रुग्णाचं सांगणं पुरेसं धरू नका. कण चुंबकामुळे सरकला तर उरलेली नजरही जाऊ शकते.