मदत हवी आहे: हॉर्मोनच्या गोळ्या, सारखं रडू येणं आणि बाकीचं (सोलापूर)

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, सोलापूरची, ट्रान्स बाई. पारलिंगी म्हणा हवं तर. गल्लीत जे शब्द वापरतात ते इथं नकोत एवढंच. घरी तेलुगू, शाळा मराठी. अम्मा विड्या वळते, मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गोडाऊनचा हिशोब बघते. कारखान्यात मी अजून मुलगाच आहे. अम्माला माहीत आहे, पण आम्ही दोघी त्या विषयावर बोलत नाही. ती माझ्या उशाखालच्या गोळ्यांचं पाकीट उचलून झाडू मारते आणि परत तिथंच ठेवते. आमचं बोलणं एवढंच.

सात महिने झाले गोळ्या चालू करून. डॉक्टरनी दिलेल्या नाहीत. सुरुवातीला एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि "लग्न करून टाक, सगळं जागेवर येईल" असं सांगून तीनशे रुपये फी घेतली. मग एका मैत्रिणीनं ती घेते त्याच सांगितल्या. गर्भनिरोधकाच्या गोळ्या, रोज दोन. महिन्यापूर्वी रक्त तपासलं, त्यात इस्ट्राडिओल (बायकांचं हॉर्मोन) २२ आलं. मैत्रीण म्हणाली फारच कमी आहे, एक वाढव. म्हणून आता तीन.

फरक पडलाय. तिसऱ्या महिन्यात दोन्ही बाजूंना आत सुपारीएवढी गाठ लागायला लागली, आणि दुखणं असं की टॉवेलचा गठ्ठा छातीशी धरून उचलला की डोळ्यांपुढं काजवे. आता गठ्ठा बाजूनं, कंबरेवर घेते. तो जडही लागतो पहिल्यापेक्षा. चामडी मऊ झाली. घामाचा वास बदलला, हे कुणी सांगितलंच नव्हतं! सकाळी सकाळी जे व्हायचं ते बंद झालं, त्याचं मला सुखच आहे. दाढी मात्र आहे तशीच, आवाजही तोच.

आता मूळ प्रश्न. रडू. वडील गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून थेंब आला नव्हता, सगळे म्हणाले पोरगं दगड आहे. आणि परवा मोजणीत चाळीस टॉवेल कमी भरले, आमचे म्हातारे हमाल म्हणाले, "राहू दे रे लेका, मी मोजतो परत," तर मी मुतारीत जाऊन पंधरा मिनिटं रडले. राग आला तरी रडूच येतं. आधी राग यायचा तेव्हा भिंतीवर मूठ मारायचे. कधी कधी रडून बरंही वाटतं, ते वेगळंच. पण कारखान्यात असं किती दिवस चालणार? हे गोळ्यांचं आहे का माझं आहे? तीन केल्या म्हणून वाढलंय का?

बाकी बारीकसारीक: थकवा येतो, हिमोग्लोबिन १२.६ आलंय, कागदावर लाल अक्षरात 'कमी' लिहिलंय. आठवडाभर डावी पोटरी दुखतेय, डाव्या चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागला. अम्मा रात्री तेल लावून चोळून देते. दिवसभर उभं राहायचं काम आहे, त्याचं असेल. दिवसाला चार-पाच विड्या ओढते, अम्माच्या सुपातल्याच, तिला न कळता.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. इथं लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वटवाघूळ

निसर्गाच्या विरुद्ध गेलं की असंच होणार. सांगितलं की राग येतो.

फुरसुंगीकर

वटवाघूळ, प्रत्येक धाग्यावर तेच वाक्य चिकटवता, टंकायचा तरी कंटाळा येत नाही का? ताई, दुर्लक्ष करा. माझ्या मते शतावरी कल्प घेऊन बघा, त्यात नैसर्गिक हॉर्मोन असतात, साइड इफेक्ट नाही.

साखरगाठ

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचा डॉक्टर आहे, दिवसभर मधुमेह आणि थायरॉइड बघतो, ट्रान्स रुग्णही बघतो. रडण्याबद्दल नंतर लिहितो. आधी तुमची पोटरी.

एकाच पायाची पोटरी आठवडाभर दुखते, त्याच पायाची चप्पल घट्ट झाली, तुम्ही विड्या ओढता आणि रोज तीन गर्भनिरोधक गोळ्या घेता. तुम्ही बारीकसारीक म्हणून शेवटी लिहिलेलं ते वाक्य या धाग्यातलं सगळ्यात मोठं आहे. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, ही शक्यता आजच्या आज तपासायला हवी. उद्या नाही. पायाचा व्हीनस डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. खासगीत होत नसेल तर सिव्हिलची कॅज्युअल्टी उघडी असते. डॉक्टरांना गोळ्यांचं सगळं खरं सांगा, लाजून लपवू नका, त्यावरच निदान ठरतं. पोटरी चोळणं आत्ता बंद. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा.

आजची गोळी घेऊ नका.

फुरसुंगीकर, शतावरीनं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, खाली येत नाही. आणि 'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकलं की मला रुग्णाची फाइल जाड दिसायला लागते.

अबोली

पोरी, आधी दवाखान्यात जा. बाकीचं मी लिहून ठेवते, आल्यावर वाच. एकटी जाऊ नकोस, अम्माला घेऊन जा.

मी पुण्यात असते, वय ४३. मी गोळ्या सुरू केल्या २०११ ला, तुझ्यासारख्याच, एकीनं सांगितल्या म्हणून. तेव्हा कुठल्या डॉक्टरला विचारायचं आणि काय म्हणून? २०१४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल आला, आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क देणारा, त्यानंतर पहिल्यांदा एका डॉक्टरीणबाईंसमोर बसून मी 'मी बाई आहे' म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

रडण्याचं. मला पहिल्या वर्षी भाजी महाग झाली म्हणून रडू आलेलं आहे, थट्टा नाही. आधी आत एक जाड गोधडी असते अंगावर, काही टोचतच नाही. ती उतरते. मग सगळंच टोचतं, चांगलंही. दीड-दोन वर्षांत बसतं जागेवर. म्हणजे रडू जात नाही, पण कधी येणार हे आधी कळायला लागतं, तेवढ्यात मुतारी गाठता येते.

छातीतल्या गाठी बरोबर आहेत, वयात येणाऱ्या पोरीला होतात त्याच. एक मोठी एक लहान राहील बरेच दिवस, घाबरू नकोस. दाढी गोळ्यांनी जात नाही, लेसर नाहीतर इलेक्ट्रोलिसिस. आवाज गोळ्यांनी बदलत नाही, तो सरावानं बदलतो.

अवांतर: मी पुढं स्पायरोनोलॅक्टोनवर होते, टेस्टोस्टेरॉन दाबायची गोळी. मे महिन्यात तुमच्याकडं लग्नाला आले, डोक्यावर त्रेचाळीस डिग्री ऊन, पाहुण्यांनी प्रेमानं शहाळ्यावर शहाळं पाजलं. रात्री हातापायाला मुंग्या आणि छातीत धडधड. ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते आणि शहाळं म्हणजे पोटॅशियमची घागर! कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, तेही तसलंच. तुला पुढं कुणी ती गोळी लिहून दिली तर हे लक्षात ठेव.

शेंगाचटणी

दवाखान्यातून लिहितेय. डॉप्लर झाला. डाव्या पोटरीत गुठळी आहे. छोटी आहे, गुडघ्याच्या वर गेलेली नाही म्हणाले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू केल्या, सध्या तीन महिने. जुन्या गोळ्या बंद.

जिथं गेले तिथं काउंटरवर जुन्या नावानं तीनदा जोरात हाका मारल्या, सगळा हॉल वळून बघायला लागला. मी उठले नाही. चौथ्यांदा अम्मा उठली आणि म्हणाली, "माझ्या मुलीचा नंबर आहे." मराठीत म्हणाली. ती बाहेर मराठी बोलत नाही कधी.

साखरगाठ सर, काय बोलू. मी ते वाक्य लिहिणारच नव्हते.

साखरगाठ

लिहिलंत ते बरं झालं. गोळ्या वेळेवर घ्या, मध्येच सोडू नका, आणि कुठूनही रक्त येऊ लागलं तर लगेच दाखवा. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर त्या रक्तस्राव वाढवतात. विड्या कायमच्या बंद. आता सविस्तर लिहितो, कारण हे वाचून आणखी चार जणी मेडिकलमध्ये जाणार.

गर्भनिरोधक गोळीत असतं ते इथिनाइल इस्ट्राडिओल. शरीर स्वतः बनवतं ते साधं इस्ट्राडिओल. नावं भावंडांसारखी, वागणं वेगळं. इथिनाइल यकृतात लवकर मोडत नाही आणि यकृताला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं. म्हणूनच डब्ल्यूपाथ या ट्रान्स आरोग्याच्या जागतिक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत (आठवी आवृत्ती) स्पष्ट लिहिलंय की ट्रान्स व्यक्तींच्या हॉर्मोन उपचारात ते वापरू नये. वर धूर असेल तर धोका आणखी चढतो.

आता तुमचे २२. रक्ताची नेहमीची तपासणी साधं इस्ट्राडिओल मोजते, इथिनाइल तिला दिसतच नाही. म्हणजे कागदावर 'कमी' आणि अंगात भरपूर. तुमच्या मैत्रिणीनं वाईट हेतूनं नाही सांगितलं, पण तिसरी गोळी त्या आकड्यानं घ्यायला लावली. तिलाही हा धागा दाखवा. तीही हेच घेते म्हणालात.

नीट चालू असेल तर साधं इस्ट्राडिओल आणि सोबत टेस्टोस्टेरॉन खाली आणणारं औषध, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त. इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली, असं लक्ष्य असतं. डोस इथं कुणी विचारू नये, मी सांगणार नाही. गुठळी होऊन गेलेल्यांना रस्ता कायमचा बंद नसतो. कातडीवर लावायचं जेल किंवा पट्टी यात धोका तोंडी गोळीपेक्षा कमी दिसतो. पण कधी आणि कसं, हे रक्ताचे डॉक्टर आणि हॉर्मोनचे डॉक्टर मिळून ठरवतील.

हिमोग्लोबिन १२.६ बाईला ठीक आहे. लॅबच्या कागदावर लिंग 'पुरुष' टाकलंय, म्हणून लाल अक्षर आलं. टेस्टोस्टेरॉन उतरलं की हिमोग्लोबिन थोडं उतरतंच.

पुढं कधी मूल हवं असेल का, हेही आत्ताच विचारून ठेवतो. हॉर्मोननं बीज, म्हणजे शुक्राणू, कमी होतं, परत येईल याची खात्री देता येत नाही. हवं असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी बीज गोठवून ठेवायचं विचारा.

आणि रडणं. टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर डोळे लवकर भरतात असं माझ्याकडच्या बऱ्याच जणी सांगतात. पण तुम्ही कारखान्यात दिवसभर दुसऱ्याच नावाला ओ देता, घरी बोलत नाही, डॉक्टर फी घेऊन लग्न करायला सांगतात. हे काय कमी आहे रडायला? झोप उडाली, भूक गेली, जगू नये असं वाटलं तर मात्र ते 'हॉर्मोनचं' म्हणून सोडून देऊ नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

फुरसुंगीकर

शतावरीचं मागे घेतो. ताई, काळजी घ्या.

शेंगाचटणी

मैत्रिणीला धागा पाठवला. आधी भांडली, मग तिनं फोन करून विचारलं डॉप्लर कितीला झाला.

आज जुन्या गोळ्या बंद होऊन अकरा दिवस. सुट्टी आहे म्हणून अम्माशेजारी बसून तेंदूची पानं कापून देत होते. तिनं सूप मांडीवरनं खाली ठेवलं, विड्या मोजल्या आणि म्हणाली, रोज चार-पाच कमी भरायच्या, आता हजार बरोबर भरतायत. एवढंच म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिथंच बसून रडले, कात्री हातात तशीच. गोळी अंगात नसताना! मग सर, हे माझंच म्हणायचं का?

साखरगाठ

अकरा दिवसांत टेस्टोस्टेरॉन पूर्ण परत येत नाही हो, यावरून काहीच ठरवता येत नाही. पट्टा जुन्या भोकावर आला का?

शेंगाचटणी

नाही अजून. अर्धं भोक असतं तर तिथं आलाय.

अबोली

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, पुढच्या गुरुवारी दुपारी. सकाळच्या हुतात्मानं ये, मी स्टेशनवर असते. खिडकीची जागा सोड, कडेची घे, तासा-तासाला उठून डब्यात फेरी मार, पाय मुडपून झोपू नकोस. डॉप्लरचा कागद आण. आणि अम्माला विचार येणार का.

शेंगाचटणी

विचारलं. कडक भाकऱ्या किती घेऊ म्हणतेय.