मदत हवी आहे: घाटावरची बाई चिपळूणला नगरपरिषदेसाठी उभी राहतेय, वचननाम्यात काय ठेवू आणि काय काढू?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसतं वाचते. पाककृतींच्या धाग्यांवर दोनदा लिहिलंय तेवढंच. आज जरा वेगळंच काम घेऊन आलेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. नवऱ्याला लोटे परशुरामच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून 2010 साली चिपळूणला आलो. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत, दोघंही इथलीच. मुलगी तर शिमग्यात पालखी आली की माझ्याआधी दारात उभी. मी घरी शिलाईचं काम करते, फॉल-पिको, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश. प्रभागात आमची जागा सर्वसाधारण महिलेसाठी सुटलीय. जवळजवळ चार वर्षं प्रशासक आहे, नगरसेवक म्हणून कुणाच्या दारात जावं असं कुणी नाही. शाळेच्या पालकसभेत मी नेहमी बोलते, त्यामुळे चारपाच आयांनी मलाच उभं केलं. पक्ष नाही, अपक्ष.

अडचण वचननाम्याची आहे. आम्ही सगळ्या जणी बसलो आणि मनात येईल ते लिहिलं. दोन वह्यांची पानं भरली. आता ते एका पानावर आणायचंय.

सगळ्यात वर पूर आहे. 22 जुलै 2021 ला आम्ही वाशिष्ठी नदीच्या अंगाला भाड्याने राहत होतो. पहाटे शेजारच्या काकींनी दार वाजवलं तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलेलं. मुलीला खांद्यावर घेतलं, मुलाचा हात नवऱ्याने धरला आणि काकींच्या वरच्या मजल्यावर गेलो. दोन्ही शिलाई मशीन, दाखले, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर माझा भाऊ गावाहून पिकअपमध्ये प्यायच्या पाण्याचे जार घेऊन आला. जन्मभर टँकरखाली कळशी लावलेला माणूस, चिपळूणला पाणी पोचवायला आला! तो ते अजून हसत सांगतो. मला मात्र हसू येत नाही, कारण त्या रात्री आम्हाला कुणीही सावध केलं नव्हतं. काकी जाग्या होत्या म्हणून वाचलो.

म्हणून पहिला मुद्दा असा लिहिला: "कोयनेचं पाणी न सांगता सोडू देणार नाही, वाशिष्ठीचा गाळ काढणार." सगळ्यांना आवडला. पण हे नगरसेवकाच्या हातात असतं का?

त्याखाली शाळा. मुलींची मुतारी, दुपारनंतर पाणी नसतं. शाळेसमोर दुपारी टेम्पो उभे राहतात, मुलांना रस्त्याच्या मधून चालावं लागतं. मेअखेर गटारं साफ करणे वगैरे आहेच, ते सगळेच लिहितात.

आणि एक मुद्दा आहे ज्यावरून आमच्यातच फूट पडलीय. सकाळी नाक्यावर बिजापूरकडची माणसं कामासाठी उभी असतात. रस्त्याचं काम, चर खणणं, सगळं तीच करतात. त्यांची पोरं दिवसभर खडीच्या ढिगावर. एकीला मी विचारलं, शाळेत का घालत नाहीस, तर म्हणाली जन्मदाखला नाही. मी लिहिलं: "प्रभागातलं एकही मूल दाखल्यासाठी शाळेबाहेर राहणार नाही." त्यावर मैत्रीण म्हणाली, त्यांचं इथे मत नाही, उगाच तुझ्यावर शिक्का बसेल, बाहेरची बाई बाहेरच्यांसाठी उभी राहिली म्हणून. तिचंही चूक नाही. चौदा वर्षं मी इथे रेशन आणते, पण भांडण झालं की "घाटी" पहिलं बाहेर येतं. ज्या काकींनी आम्हाला त्या रात्री वर घेतलं त्यासुद्धा परवा म्हणाल्या, "तू आमचीच गो, पण मत भावकीत जातंय."

तर विचारायचं असं:

पूर आणि शाळा यातलं नगरपरिषदेच्या हातातलं नेमकं काय? तो दाखल्याचा मुद्दा ठेवू की काढू? आणि आता आम्ही भाड्याने दुसऱ्या भागात राहतो, यादीत नाव तिकडच्या प्रभागात आहे. मुलांची शाळा आणि ओळखीपाळखी मात्र जुन्या प्रभागात. तिथून उभं राहता येईल का? आमची दोनच मुलं आहेत, ती अट माहितीये.

निवृत्त कारकून

ताई, आधी कागदांचं बघा, वचननामा नंतर. मी नगरपरिषदेत आयुष्य घालवलंय (तुमच्या नव्हे).

तुमचं नाव त्याच शहराच्या मतदार यादीत असेल तर कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे) मात्र ज्या प्रभागातून लढता तिथलेच मतदार हवेत. घरपट्टी-पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, हे आजच सुरू करा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो आणि कारकूनही.

आता महत्त्वाचं. तुम्ही गणवेश शिवता म्हणालात. कुठल्या शाळेचे? नगरपरिषदेच्या शाळेचे असतील तर सांभाळा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 16 आहे, अपात्रतेचं. परिषदेच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर छाननीत हरकत येऊ शकते. ऑर्डर शाळा व्यवस्थापन समितीने दिली की परिषदेने, बिल कुणाच्या नावे फाडलं, हे वकिलाला दाखवा. विरोधक हे शोधतातच. पूर वगैरे सगळं बाजूला राहील आणि तुम्ही गणवेशाच्या शिलाईवर पडाल.

खाडीकाठचा

वहिनी, पहिला मुद्दा आहे तसा छापू नका. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, ते सोडणं-थांबवणं नगरपरिषदेच्या बापाच्याही हातात नाही. नदीतला गाळ पाटबंधारेवाल्यांचा. त्यासाठी चिपळूण बचाव समितीने डिसेंबर 2021 मध्ये साखळी उपोषण केलं तेव्हा कुठे यंत्रं हलली. पुराची निळी रेषा, लाल रेषा (पाणी कुठवर चढू शकतं ते दाखवणाऱ्या) आखणारेही तेच, परिषद फक्त त्या रेषेत बांधकाम परवानगी देते किंवा अडवते. तुम्ही "सोडू देणार नाही" म्हणालात की चहाच्या टपरीवरचा पहिला माणूस हसणार.

पण तुमची खरी तक्रार पाण्याची नाहीच, सावध न केल्याची आहे. ते परिषदेच्या आवाक्यात आहे. भोंगा, प्रभागात कुठे चढायचं त्या पक्क्या इमारतींची यादी, म्हातारी आणि आजारी माणसं कुठल्या घरात आहेत त्याची वही, दोर, होडी. भरतीची वेळ तर पंचांग बघूनही कळते. 2021 ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, वरून पाऊस कोसळत होता आणि खाली दाभोळच्या खाडीला उधाण, मग पाणी उतरणार कुठून? असं लिहा की पौर्णिमा-अमावास्येला मोठा पाऊस असेल तर रात्री जागता पहारा. हे मतदाराला डोळ्यांसमोर दिसतं.

शिमगेवाली

मी रावतळ्याची, आमच्याही घरात घाटावरची सून आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. दाखल्याचा मुद्दा काढू नका, पण तो एकटा उभा करू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (2009 चा) जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारताच येत नाही. म्हणजे तुम्ही नवीन काही देत नाही, आहे ते अंमलात आणायला सांगताय. आणि पुरात दाखले वाहून गेलेले इथले किती आहेत! जन्मदाखल्याची दुय्यम प्रत काढायला परिषदेतच जावं लागतं. ते आणि हे एका वाक्यात आणा, मग कुणाला "बाहेरचे" म्हणता येणार नाही.

आणि "घाटी" म्हणतील ते म्हणतीलच. त्यावर भाषण करू नका. पालखीच्या वेळी तुमची मुलगी पुढे असते ना, बास.

निवृत्त कारकून

शिमगेवालींशी सहमत. फक्त एक. दोन सदस्यांचा प्रभाग आहे, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे मतदार तीन मतं देणार. पॅनेलवाले सांगतील तिन्ही आम्हालाच द्या. तुम्ही "एक मत माझं, बाकीची तुमच्या भावकीची" असं म्हणू शकता. काकींना हे चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कारकूनकाका, तुमचं शेवटचं काकींना सांगितलं, त्या पाच मिनिटं हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

पहिला मुद्दा आता असा केलाय: "पाऊस आणि उधाण एकत्र आलं तर रात्री भोंगा वाजेल, कुणीतरी जागं असेल. चढायच्या इमारतींची यादी प्रत्येक दारावर." गाळ आणि कोयना खाली एका ओळीत, "पाठपुरावा" म्हणून. दाखल्यांचं एकत्र केलं: "पुरात गेलेले दाखले प्रभागातच काढून देणार, आणि दाखला नाही म्हणून कुठलंही मूल शाळेबाहेर राहणार नाही." मैत्रिणीला "कुठलंही" खटकलं. मी ठेवलंय.

मुतारी दुसऱ्या नंबरवर. यावर आमच्यात वाद झालाच नाही.

गणवेशाची ऑर्डर समितीची निघाली, पण बिलावर शिक्का शाळेचा आहे आणि शाळा परिषदेची. वकील म्हणतात दोन दिवस द्या. तोवर या वर्षीचे उरलेले 34 फ्रॉक मी दुसऱ्या बाईकडे देऊन टाकलेत, पैसे गेले ते गेले.

कुणाच्या गावात नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने भोंगा बसवलाय का? किती लांब ऐकू येतो, वीज गेल्यावर कशावर चालतो, एवढं जरी सांगितलंत तरी उद्याच्या बैठकीत उपयोगी पडेल.