ईस्टरच्या खाऊच्या डब्या: तारीख, कागद आणि खाऊ

सेक्रेटरी, रविवार ८ मार्च २०२६

नमस्कार मंडळी,

पाडवा १९ तारखेला आहे आणि आपला कार्यक्रम शनिवारी २१ ला, ते सगळ्यांना माहीतच आहे. त्यानंतर मुलांसाठी ईस्टरच्या कागदकामाची एक दुपार ठेवायचं चाललंय, बऱ्याच आयांनी विचारलं होतं कारण इथे जर्मनीत शाळेतून मुलं रोज काहीतरी कापून चिकटवून आणतात आणि घरी परत तेच करून मागतात. सध्या ३ एप्रिल, गुड फ्रायडे धरलाय, सगळ्यांना सुट्टी आणि हॉल पण मोकळा आहे. फांद्यांना टांगायची कागदी अंडी करायची आणि प्रत्येक मुलाला न्यायला एक खाऊची डबी. साधारण ४० मुलं होतील. मागच्या वर्षी झाकणं बसली नाहीत आणि निम्म्या डब्या घरी जाईपर्यंत फाटल्या, मुलं रडवेली झाली होती, ते यंदा नको. ज्यांना कागदातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

वसईच्या काकू, न्यूर्नबर्ग, रविवार ८ मार्च

सेक्रेटरीताई, कल्पना फार छान आहे, मी नक्की येणार. फक्त तारखेबद्दल मनापासून एक विनंती आहे. गुड फ्रायडे हा आमच्याकडे दुःखाचा दिवस. वसईला आमच्या घरी त्या दिवशी गोडधोड नसायचंच, आई रेडिओसुद्धा लावू द्यायची नाही, आणि चर्चची घंटा आदल्या दिवशी संध्याकाळी जी बंद व्हायची ती शनिवारी रात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, वाजत नसे. तोवर लाकडी खटखटी वाजायची. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका खेड्यात मुलं तशीच खटखटी घेऊन गल्लीगल्लीतून फिरताना पाहिली आणि मी रस्त्यातच थांबले. बायर्नमध्ये, म्हणजे आपल्या या राज्यात, कायद्यानेही तो शांततेचा दिवस आहे, त्या दिवशी नाचगाण्याचे कार्यक्रम करता येत नाहीत. आपल्या मंडळात आम्ही ख्रिस्ती घरं दोन-तीनच आहोत, पण त्या दिवशी रंगीत अंडी कापत बसायला आमच्या मुलांना कसं पाठवणार?

अंडं हे पुनरुत्थानाचं, म्हणजे रविवारचं. उपवासकाळाचे ४० दिवस काढल्यावर मग ते येतं. म्हणून मी असं सुचवते की काम आधी करू आणि खाऊ नंतर देऊ. शनिवारी २८ मार्चला बसू, दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे पाम संडे, आहे. आमच्याकडे त्या दिवशी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरी आणून आजी एकेक पात उभी चिरायची, दोन बोटांत धरून अशी काही मुडपायची की बघता बघता क्रूस तयार, ना दोरा ना डिंक. तो वर्षभर अल्तारापाशी राहायचा आणि पुढच्या वर्षी वाळलेल्या झावळ्या जाळून, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख व्हायची. कागदाची घडी घालताना मला अजून तिचीच बोटं दिसतात. झावळ्या इथे मिळायच्या नाहीत, पण हिरव्या कागदाच्या पट्ट्यांचा तसा क्रूस मी मुलांना शिकवीन, ज्यांना करायचा असेल त्यांनी करावा.

आणि तारीख दरवर्षी का सरकते असं मागे कोणीतरी विचारलं होतं. २१ मार्चपासूनची पहिली पौर्णिमा धरतात, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी, म्हणून ईस्टर ५ ला.

सेक्रेटरी, सोमवार ९ मार्च

काकू, बरं झालं तुम्ही लिहिलंत, माझ्या हे लक्षातच आलं नाही, मनापासून सॉरी. हॉलवाल्यांशी बोलले, २८ ला दुपारी २ ते ५ मिळतोय. डब्या रिकाम्याच घरी न्यायच्या आणि ईस्टर मंडेला, ६ एप्रिलला, आपण फ्रेंकिशे श्वाइत्सच्या डोंगराळ भागात ईस्टरसाठी सजवलेल्या विहिरी बघायला जातोय ना, तिथे खाऊ भरून द्यायचा. चालेल का सगळ्यांना?

एर्लांगेनचे दादा, सोमवार ९ मार्च

तारीख एकदम योग्य. शनिवार आहे म्हणजे कागद कमी पडला तर दुकानं तरी उघडी असतील, गुड फ्रायडेला डिंकाची बाटलीसुद्धा मिळाली नसती.

मागच्या वर्षीचं सांगतो, फाटलेल्या डब्या मी घरी नेऊन उलगडून पाहिल्या होत्या. प्रिंट प्रत्येकाने आपापल्या घरी काढली, कोणाच्या प्रिंटरने पूर्ण मापात काढली, कोणाच्या प्रिंटरने पानात बसवायला बारीक केली, मग एकाच्या झाकणाला दुसऱ्याचा तळ कसा बसणार. दुसरं म्हणजे कार्ड २२० ग्रॅमचं होतं आणि घडीच्या रेघेवर लोकांनी कटर फिरवला, तो खोल गेला की खाऊच्या वजनाने तिथेच फाटतं. जाड कार्डावर संपलेल्या बॉलपेनाने पट्टी धरून रेघ दाबायची, कापायची नाही. कागदाला धागाही असतो, दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडे धागा, त्या बाजूची घडी स्वच्छ पडते आणि आडवी घडी तडकते.

यंदा प्रिंट नको, डिंकही नको. जपानी मसू डबी करू. मसू म्हणजे तिकडचं तांदूळ मोजायचं चौकोनी लाकडी मापटं, तोच आकार. कागद १२० ग्रॅमच्या वर नको. चौकोनाचे चारी कोपरे मध्यात आणायचे, मग समोरासमोरच्या दोन बाजू मध्यरेघेवर आणून उघडायच्या, उरलेल्या दोन बाजूंचं तेच, मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडून भिंती उभ्या करायच्या आणि ते कोपरे वरून आत वळवायचे. झाकण तसंच, फक्त तळाचा चौकोन अर्धा सेंमी लहान घ्यायचा, नाहीतर झाकण अडकतं. सात-आठ वर्षांचं मूल दुसऱ्या खेपेला स्वतः करतं, माझ्या मुलीने केली. लहानांना मात्र पहिल्या घड्या आपण घालून ठेवूया.

किटावाल्या वहिनी, फ्युर्थ, मंगळवार १० मार्च

दादा मस्त! मी किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, रोज वीस पोरांबरोबर हेच करते म्हणून थोडं सांगते. किंडरगार्टन ज्यांनी सुरू केलं ते फ्रोबेल थ्युरिंगेनचे, आपल्या शेजारच्याच राज्यातले, १८४० मध्ये त्यांनीच हे नाव दिलं, आणि मुलांच्या हाताला कागदाची घडी त्यांनीच लावली, म्हणून इथे अजून प्रत्येक किटात घडीकाम चालतं. तीन वर्षांच्या मुलांसाठी हेक्सनट्रेपे आहे, म्हणजे चेटकिणीचा जिना. दोन पट्ट्या काटकोनात चिकटवायच्या आणि आळीपाळीने एकीवर दुसरी दुमडत जायचं, ताणलं की स्प्रिंग होते. सशाचे पाय त्याचेच करायचे, अंगाला चिकटवले की टांगलेला ससा हलतो आणि मुलं फुंकर मारमारून हसतात.

टांगायची अंडी आपल्या कंदिलाच्या हिशोबानेच. अंड्याचे सहा सारखे आकार कापून मधोमध दुमडायचे, पाठीला पाठ चिकटवायची, शेवटची चिकटवायच्या आधी मध्ये दोरा सोडायचा. डबीत अंथरायला हिरव्या क्रेप पेपरचं गवत लागतं, ते झिरमिळ्या कापतो तसंच कापून चुरगळायचं, पाडव्याच्या तोरणाचा हिरवा कागद उरला तर कृपा करून फेकू नका. फांद्या फोर्सिथियाच्या आणा, ज्यांच्या बागेत आहे त्यांनी ईस्टरच्या दोनेक आठवडे आधी कापून कोमट पाण्यात घरात ठेवल्या तर पिवळ्या फुलतात. विलोच्या मऊ कळ्यांच्या फांद्या रानातून कोणी तोडू नका, वसंतात मधमाश्यांना आधी तेच खायला असतं.

खाऊचं महत्त्वाचं: गमीच्या गोळ्यांत जिलेटीन असतं, बहुतेक वेळा डुकराचं, शाकाहारी घरांनी पाकीट उलटून वाचावं आणि आपण वाटपात ते ठेवूच नये. दाणे, काजू, बदाम पण नकोत, दोन मुलांना ॲलर्जी आहे. साधी चॉकलेटची अंडी आणि घरचे शंकरपाळे पुरे. शंकरपाळ्यांचं तूप कागदाला लागतं, खाली बटर पेपरचा तुकडा हवाच.

वसईच्या काकू, बुधवार ११ मार्च

सगळ्यांचे आभार, तारीख बदललीत, आज आमच्या घरी फोनवर तेच सांगत होते.

काल रात्री दादांच्या पद्धतीने दोन डब्या केल्या. १५ सेंमीच्या चौकोनाची डबी फक्त सव्वापाच सेंमीची होते, त्यात दोन चॉकलेटची अंडी घातली की संपलं. ए-फोरचा २१ सेंमीचा चौकोन घेतला तर तळ साडेसात सेंमीच्या जवळपास येतो, उंची पावणेचार, ती बरोबर आहे, गवत घालूनही अंडी आणि मूठभर शंकरपाळे बसले. कापल्यावर जी पावणेनऊ सेंमीची पट्टी उरते तिच्या दोन-दोन सेंमीच्या चार पट्ट्या होतात, त्या वहिनींच्या सशाच्या पायांना. म्हणजे ४० डब्यांना झाकण धरून ८० कागद, मी ९० आणते, पिवळा, पोपटी आणि पांढरा. कोणाकडे लहान मुलांच्या बोथट कात्र्या असतील तर किती आहेत ते शुक्रवारपर्यंत कळवा, माझ्याकडे सहाच आहेत.