अनुभव धागा: मेल, जॅक आणि सहाशे वस्तीचं गाव

रॉबिन कारची ‘व्हर्जिन रिव्हर’ (२००७) ही कादंबरी मला किलोच्या भावाने पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात मिळाली. किलोला थोडं कमी पडत होतं म्हणून काट्यावर टाकली, आणि रात्री पहिली तीच उघडली. मेल ही लॉस एंजेलिसची नर्स आणि सुईण. नवरा दुकानातल्या दरोड्यात मारला गेलेला. जाहिरात वाचून ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या उंचच उंच रेडवुड झाडांच्या जंगलात, व्हर्जिन रिव्हर नावाच्या सहाशे वस्तीच्या गावात येते. राहायला फुकट मिळणारं लाकडी घर कुजकं निघतं, म्हातारा डॉक्टर म्हणतो मला मदतनीस नकोच. ती परत निघणार, तोच दवाखान्याच्या दारात कुणीतरी तान्हं बाळ ठेवून जातं. आणि बार चालवणारा जॅक, वीस वर्षं अमेरिकेच्या मरीन्स या सैन्यदलात काढलेला, तिचं ते घर आपणहून दुरुस्त करायला घेतो.

माझ्या मते या जोडीची सगळी जादू त्या सुतारकामात आहे. गोड बोलणारे नायक पैशाला पासरी मिळतात. तुम्हाला हे दोघं कुठे भेटले? पुस्तकात, त्यावरून काढलेल्या मालिकेत, की शेजारच्या घरात? सविस्तर लिहा.

निवृत्त सिस्टर, सिंधुदुर्ग
मुलीने मालिका लावून दिली, मग मी हट्टाने पुस्तक मागवलं. माझं इंग्रजी बेताचं, दोन महिने पुरलं. मेल ते घर बघते तिथे मला हसू आवरेना. १९९१ साली उपकेंद्रावर मला मिळालेलं क्वार्टर अस्संच. पहिल्या पावसात खाटेखाली टोप, खाटेवर टोप आणि मधे मी छत्री उघडून बसलेली. शाळेतले एक गुरुजी रविवारी शिडी घेऊन आले. “सिस्टर, कौलं परतून देऊ काय?” बस, एवढंच बोलले. संध्याकाळी उतरले तेव्हा कोपरापर्यंत काजळी, भुवईवर जळमट. चहा उभ्यानेच प्यायले आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा शिडी घेऊन हजर. आता गळत नव्हतं हो! तेव्हा माझ्या लक्षात आलं.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. अजून बोलत नाहीत फारसे.

आणि पेशंट डॉक्टरला पैशाऐवजी खायचं-प्यायचं आणून देतात, ते अगदी खरं. एका मे महिन्यात माझ्याकडे अकरा फणस जमले होते.

एक त्रस्त नवरा, डोंबिवली
या जॅकमुळे आमच्या घरात अशांतता आहे. चाळिशीचा, पीळदार, सुतारकाम येतं, गळ टाकायला शिकवतो, वर समजूतदार. आमचा नळ तीन आठवडे ठिबकतोय. बायको काही बोलत नाही. नुसती पुस्तकातून मान वर करून नळाकडे बघते.

नागपूरहून
मी मेलसाठी वाचते. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तकात मार्क दरोड्यात जातो, मालिकेत मोटार अपघातात. मला पुस्तकातलं जास्त लागलं, कारण त्यात ‘पाच मिनिटं उशिरा गेला असता तर’ हे कायमचं उरतं. जॅक जवळ आला म्हणून मेल मार्कला विसरत नाही, आणि जॅकही तिला विसरायला सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी मला एवढंच दिलं असतं तरी पुरलं असतं. असो.

बे एरिया
आम्ही हौसेने हम्बोल्ट काउंटीत जाऊन आलो. असं गाव तिथे नाही, नाव काल्पनिक आहे. मालिकेचं चित्रीकरण तर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात होतं. पण ‘अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’चा ५० किलोमीटरचा रस्ता धरलात तर पुस्तक कळतं. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. खिडकी खाली केली, तर ओल्या लाकडाचा वास आणि चिडीचूप. त्या जंगलात चोरून गांजा पिकवणारे पुस्तकातही आहेत, सगळंच गोडगोड नाही.

कराडजवळचं खेडं
सहाशे वस्ती म्हणजे आमची वाडी. मेल आणि जॅक बारमध्ये सगळ्यांसमोर रोज जेवायला बसतात आणि कुणी काही म्हणत नाही? आम्ही दोघं एसटी स्टँडवर एकदाच उसाचा रस प्यायलो. गाडी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ग्लास किती होते तेसुद्धा.

+१, सातारा
आणि घरी कुणी दुरुस्तीला आला तर तो कोणाचा कोण, हे आधी विचारतात!

धागाकर्ती
सिस्टर, गुरुजींना नमस्कार सांगा. मालिकाप्रेमींसाठी: मेलला गावात बोलावणारी होप पुस्तकात विधवा म्हातारी आहे, डॉक्टरची बायको वगैरे काही नाही, त्यामुळे दचकू नका. दुसरा भाग बारमधल्या स्वयंपाक्याचा, प्रीचरचा. तोही माझ्याकडे आहे, कुणाला हवा तर पोस्टाने पाठवते. मलपृष्ठावर चहाचा गोल डाग आहे. तो माझा नाही, आधीच्या मालकाचा.