स्लीव्ह की बायपास: जळजळीचं आधी बघा

दाजींना शुगर आहे, रात्री छातीत जळजळतं आणि डॉक्टर वजन कमी करायला जठराचं स्लीव्ह ऑपरेशन सुचवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते जळजळीचा निकाल आधी लावा. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा कापून काढतात, उरते केळ्याच्या आकाराची नळी (जळगावकरांना आकार समजवायला नको). नळीत दाब वाढतो, म्हणून जुनी जळजळ बऱ्याचदा बळावते. त्यामुळे आधी एंडोस्कोपी. अन्ननलिकेला जखमा किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग वर छातीत सरकणं) दिसला तर बायपास बरा (हृदयाचा नव्हे, वजन कमी करायचंच जठराचं दुसरं ऑपरेशन).

बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी करून लहान आतड्याला जोडतात. शुगरलाही हाच सहसा जास्त मानवतो. पण आमरस आणि खापरावरची पुरणपोळी हाणली, की साखर भसकन आतड्यात उतरते. अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद, विडी-तंबाखूही बंद, नाहीतर जोडावर अल्सर होतो. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं.

मिनी बायपास हा बायपासचाच सुटसुटीत प्रकार, त्याला जोड एकच, वेळ कमी. पण पित्त वर येऊ शकतं, म्हणून दाजींसाठी तो दुसरा पर्याय.

कुठलंही करा, घरी आल्यावर नाडी 120 च्या वर, ताप, पोट किंवा डावा खांदा दुखणं असं काही झालं तर गावात सलाईन लावून रात्र काढू नका. आतला टाका गळत असू शकतो. लगेच सर्जनला फोन करून निघा.